बिनतारी यंत्रामागील स्त्री : नूर इनायत खान यांच्या युद्धकालीन हवाई दल सेवेचे स्वरूप

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमांत प्रामुख्याने कारणे, प्रमुख घटना आणि परिणाम या तीन अंगांनी शिकविला जातो. त्यात सेनापती, पंतप्रधान आणि परिषदा यांना स्थान मिळते. प्रत्यक्ष युद्धयंत्रणा चालविणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांचे काम मात्र बहुधा नजरेआड राहते. स्त्रियांचा उल्लेख आलाच, तर तो परिचारिका किंवा एखादी असामान्य वीरांगना या दोन टोकांपैकी एका टोकाला येतो. या दोन टोकांच्या मध्ये जे विस्तीर्ण क्षेत्र आहे, म्हणजे प्रशिक्षित, नियमबद्ध आणि तांत्रिक स्वरूपाच्या सेवेचे क्षेत्र, त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही.

नूर इनायत खान हे नाव आता बऱ्याच वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. टिपू सुलतानाच्या वंशातील, सूफी गुरूची कन्या, पॅरिसमधील गुप्तहेर आणि दाखाऊच्या छळछावणीतील हुतात्मा अशी त्यांची प्रतिमा चरित्रे आणि चित्रपट यांतून रूढ झाली. या प्रतिमेत असत्य फारसे नाही. तथापि, तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट गळून जाते. नूर यांना फ्रान्समध्ये पाठविण्यात आले ते त्या राजघराण्याशी संबंधित होत्या म्हणून नव्हे. त्या हवाई दलाने तयार केलेल्या बिनतारी संदेशचालक होत्या आणि त्यांना फ्रेंच भाषा मातृभाषेसारखी येत होती म्हणून. नोव्हेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४३ हा त्यांच्या हवाई दलातील सेवेचा काळ चरित्रपर लेखनात काही ओळींत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात हा काळ मध्यवर्ती मानून त्यांच्या पुढील कार्याचा, यशाचा आणि त्यांच्या हातून झालेल्या एका गंभीर चुकीचाही अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

नूर यांचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील हजरत इनायत खान हे मूळचे बडोद्याचे. बडोदा संस्थानातील गायनशाळेचे संस्थापक आणि नामवंत गायक मौलाबक्ष हे इनायत खान यांचे आजोबा. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने ही गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली आणि संगीताचे शिक्षण स्वरलिपीच्या आधारे शाळेत देण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होता. बडोद्याच्या सांस्कृतिक इतिहासाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे घराणे म्हणूनच अगदी परके वाटणार नाही. टिपू सुलतानाशी असलेले नाते मौलाबक्ष यांच्या पत्नीकडून आले, अशी या कुटुंबाची परंपरा सांगते.

इनायत खान १९१० मध्ये भारताबाहेर पडले. पाश्चात्त्य देशांत संगीत आणि सूफी विचार यांचा प्रसार करीत असताना त्यांचा विवाह ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी झाला. हे कुटुंब पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये राहिले आणि १९२० मध्ये फ्रान्सला गेले. पॅरिसजवळील सुरेन येथील ‘फजल मंजिल’ या घरात नूर आणि त्यांची तीन भावंडे वाढली. १९२७ मध्ये इनायत खान यांचे दिल्लीत निधन झाले, तेव्हा नूर अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. आईला या आघातातून सावरणे कठीण गेले आणि घराची जबाबदारी मोठ्या मुलीवर आली. पुढे त्यांनी सोरबोन विद्यापीठात बालमानसशास्त्राचा आणि पॅरिसमधील एका संगीतसंस्थेत संगीताचा अभ्यास केला. मुलांसाठी त्या गोष्टी लिहू लागल्या. जातककथांमधील वीस कथांचे त्यांनी केलेले रूपांतर १९३९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युद्धाला तोंड फुटले. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ आल्या, तेव्हा हे कुटुंब बोर्दोमार्गे इंग्लंडला पोहोचले.

अहिंसेचे संस्कार झालेल्या घरातील ही तरुणी युद्धसेवेत का गेली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. नाझी राजवटीचा मुकाबला करणे हे कर्तव्य आहे, याविषयी नूर आणि त्यांचे बंधू विलायत यांचे एकमत झाले होते; मात्र प्रत्यक्ष प्राण घेण्याचे काम टाळून धोक्याचे काम पत्करावे, अशी त्यांची भूमिका होती. शस्त्र हाती न घेता युद्धाच्या केंद्रस्थानी राहण्याची संधी त्या काळात एका स्त्रीला जेथे मिळू शकत होती, त्या संस्थेचे स्वरूप येथे समजून घेणे आवश्यक ठरते.

महिला साहाय्यक हवाई दलाची रचना

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, महिलांचे हवाई दल स्थापन झाले होते. परंतु ते १९२० मध्ये बरखास्त करण्यात आले. नव्या युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर २८ जून १९३९ रोजी महिला साहाय्यक हवाई दलाची, म्हणजेच ‘विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्स’ या संघटनेची स्थापना झाली. नावातील ‘साहाय्यक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या दलाची स्वतंत्र विमाने वा तळ नव्हते; त्यातील स्त्रिया रॉयल एअर फोर्सच्या तळांवर, पुरुषांच्या बरोबरीने आणि त्यांच्या जागी काम करीत. प्रारंभी स्वयंपाक, लेखनिकी, वाहनचालन यांसारख्या मोजक्याच कामांचा विचार झाला होता. युद्धाची गरज वाढत गेली तसे रडार, दूरध्वनी, हवामान, विमानदुरुस्ती, छायाचित्रांचे विश्लेषण आणि बिनतारी संदेशवाहन ही क्षेत्रे त्यांना खुली झाली. १९४३ मध्ये या दलाची संख्या सुमारे १ लाख ८२ हजारांवर पोहोचली होती.

१९४० च्या उन्हाळ्यातील ‘ब्रिटनची लढाई’ ही लढाऊ वैमानिकांची लढाई म्हणून ओळखली जाते. पण वैमानिकाने नेमके कोठे आणि किती उंचीवर जावे, हे ज्या यंत्रणेमुळे ठरत असे तिच्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता. किनाऱ्यावरील रडार केंद्रांकडून आलेली माहिती दूरध्वनीने नियंत्रण कक्षात येई आणि तेथे मोठ्या टेबलावरील नकाशावर शत्रूच्या विमानांची जागा क्षणोक्षणी दर्शविली जाई. हे काम प्रामुख्याने याच दलातील तरुणी करीत. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या आरंभी बिगिन हिल येथील तळावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा कामावरून न हटल्याबद्दल तिघींना ‘मिलिटरी मेडल’ देण्यात आले.

असे असले तरी दर्जाच्या बाबतीत विषमता कायम होती. स्त्रियांचे वेतन त्याच श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे दोन-तृतीयांश होते. एप्रिल १९४१ पर्यंत या दलाला सशस्त्र दलांचा घटक म्हणून पूर्ण कायदेशीर दर्जाही नव्हता. काम लष्करी, धोका लष्करी, पण ओळख ‘साहाय्यक’, अशी ही स्थिती होती. नूर यांच्या पुढील आयुष्यात या विसंगतीचा संबंध वारंवार आलेला दिसतो.

बिनतारी चालक म्हणून प्रशिक्षण

१९ नोव्हेंबर १९४० रोजी नूर या दलात सर्वांत खालच्या श्रेणीत, ‘एअरक्राफ्टवुमन द्वितीय श्रेणी’ म्हणून दाखल झाल्या. नोंदणी ‘नोरा’ या नावाने झाली. प्रारंभिक शिक्षण हॅरोगेट येथे झाले आणि त्यानंतर त्यांची बिनतारी संदेशवाहनाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. या कामासाठी घेतल्या गेलेल्या स्त्रियांच्या अगदी पहिल्या तुकड्यांपैकी एका तुकडीत त्या होत्या. एडिंबरा येथील प्रशिक्षणानंतर १९४१ मध्ये त्यांची नेमणूक ॲबिंग्डन येथे बॉम्बर विमानांच्या तळावर झाली.

या कामाचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. मोर्स लिपीतील संदेश म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ ध्वनींची मालिका. ती ऐकताना चालकाला अक्षर आठवण्यास वेळ नसतो. ध्वनी कानावर पडताच हाताने अक्षर लिहिले गेले पाहिजे. ही सवय केवळ दीर्घकाळच्या रियाजाने लागते. आलेला मजकूर बहुधा सांकेतिक असल्याने चुकलेले अक्षर अर्थावरून ताडता येत नाही. वातावरणातील खरखर, दुसऱ्या केंद्रांचा गोंगाट आणि क्षीण होणारा आवाज यांतून आपला संदेश वेगळा काढावा लागतो. शिवाय प्रत्येक चालकाची कळ दाबण्याची स्वतःची ढब असते. सरावलेला श्रोता केवळ या ढबीवरून पलीकडे कोण आहे ते ओळखू शकतो. नूर यांची ढब जड होती आणि त्याबद्दल सहकारी त्यांची थट्टा करीत, असे नमूद आहे. हाताने वीणा आणि पियानो वाजविणाऱ्या, तालाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणीने हे कौशल्य चिकाटीने आत्मसात केले.

या प्रशिक्षणाचा दुसरा भाग शिस्तीचा होता. हवाई तळावरील बिनतारी कक्षात प्रत्येक संदेशाची वेळेसह नोंद ठेवणे हे चालकाचे मूलभूत कर्तव्य मानले जाते. नोंदवहीत नसलेला संदेश हा न आलेल्या संदेशासारखाच. नीटनेटकी आणि पूर्ण नोंद हाच चांगल्या चालकाचा पुरावा. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

तळावरील काम एकसुरी वाटू लागल्याने नूर यांनी अधिकारीपदासाठी अर्ज केला. निवड मंडळापुढे भारताच्या स्वातंत्र्याविषयी त्यांना प्रश्न विचारण्यात आले आणि त्यांनी भारतीय नेत्यांच्या बाजूने आपली मते न लपविता मांडली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. ही घटना लक्षणीय आहे. साम्राज्याच्या सेनेत सेवा करणे आणि साम्राज्याच्या अंताची इच्छा बाळगणे यांत त्यांना विरोध वाटत नव्हता. हिटलरविरोधी युद्ध आणि भारताचे स्वातंत्र्य हे दोन्ही प्रश्न त्यांच्या दृष्टीने न्यायाचेच होते.

हवाई दलाकडून गुप्त सेवेकडे

१० नोव्हेंबर १९४२ रोजी नूर यांना लंडनमध्ये मुलाखतीसाठी बोलावण्यात आले. ही मुलाखत ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या संघटनेच्या फ्रेंच विभागासाठी होती. शत्रुव्याप्त देशांत प्रतिकार चळवळीला शस्त्रे, पैसा आणि संपर्क पुरविणे हे या संघटनेचे काम. १९४२ पासून ती स्त्रियांनाही फ्रान्समध्ये पाठवू लागली होती. यामागे व्यावहारिक कारणे होती. कामाच्या वयाचा पुरुष रस्त्यात दिसला की त्याची चौकशी होई. फेब्रुवारी १९४३ नंतर तर फ्रेंच तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला नेण्याचा कायदाच झाला. त्या मानाने पिशवी घेऊन सायकलवरून जाणारी स्त्री कमी संशयास्पद ठरत असे.

फ्रेंच विभागाने एकंदर ३९ स्त्रिया फ्रान्समध्ये पाठविल्या. त्यांतील अनेक जणी महिला साहाय्यक हवाई दलातील होत्या किंवा त्यांना त्या दलाचे पद देण्यात आले होते. पकडल्या गेल्यास लष्करी पदामुळे युद्धकैद्याचे संरक्षण मिळावे, हा या पदामागील एक हेतू होता. प्रत्यक्षात हे संरक्षण कागदावरच राहिले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये नूर या संघटनेत रुजू झाल्या. येथे त्यांच्या हवाई दलातील शिक्षणाचे महत्त्व स्पष्ट होते. अन्य उमेदवारांना मोर्स लिपी पहिल्यापासून शिकवावी लागे. नूर यांच्याजवळ दोन वर्षांचा अनुभव होता. गुप्त सेवेच्या इतर अंगांत मात्र त्यांच्याविषयी मतभेद झाले. काही प्रशिक्षकांनी त्या भाबड्या आहेत, खोटे बोलणे त्यांना जमत नाही आणि त्या या कामाला योग्य नाहीत, असा अभिप्राय दिला. विभागप्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी तो बाजूला सारला. पॅरिसला बिनतारी चालकाची तातडीची गरज होती आणि प्रशिक्षित, फ्रेंच बोलणारे चालक अत्यंत कमी होते. अशा रीतीने त्यांचे गुप्त सेवेचे प्रशिक्षण अर्धवट राहिले.

१६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर जातीच्या लहान विमानातून त्या फ्रान्समध्ये आंजेर शहराच्या उत्तरेला एका शेतात उतरल्या. त्याच रात्रीच्या मोहिमेत डायना रोडेन आणि सिसिली लेफोर्ट या आणखी दोघी जणी होत्या. तिघीही महिला साहाय्यक हवाई दलाच्या अधिकारी होत्या आणि तिघींपैकी एकही परत आली नाही.

पॅरिसमधील चार महिने

इंग्लंडहून व्याप्त फ्रान्समध्ये पाठविलेल्या नूर या पहिल्या महिला बिनतारी चालक होत. त्यांचे सांकेतिक नाव ‘मादलेन’ आणि खोट्या कागदपत्रांवरील नाव जान-मारी रेनिए असे होते. त्या पोहोचून जेमतेम आठवडा झाला असताना पॅरिस परिसरातील ‘प्रॉस्पर’ हे मोठे जाळे उघडकीस आले. त्याचे प्रमुख फ्रान्सिस सटिल २४ जून रोजी पकडले गेले. त्यांचा बिनतारी चालक गिल्बर्ट नॉर्मन आणि इतर सहकारीही जर्मनांच्या हाती लागले. अटकांची मालिका पुढे काही आठवडे चालू राहिली. लंडनहून नूर यांना परत येण्याचा पर्याय देण्यात आला. आपण गेल्यास पॅरिसचा लंडनशी असलेला संपर्क तुटेल, हे कारण देऊन त्यांनी तो नाकारला.

त्या काळी व्याप्त शहरात बिनतारी यंत्र चालविणे म्हणजे काय, हे तांत्रिक बाजूने समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे वजन कळत नाही. यंत्र एका सूटकेसमध्ये बसविलेले असे आणि त्याचे वजन सुमारे १५ किलो भरे. संदेश पाठविण्यासाठी कित्येक मीटर लांबीची तार बाहेर ताणावी लागे. कंपनसंख्या स्फटिकाने ठरे. म्हणून स्फटिकही जवळ बाळगावे लागत. संपर्काच्या वेळा लंडनने आधीच ठरवून दिलेल्या असत. मजकूर प्रथम सांकेतिक रूपात बदलावा लागे. त्यासाठी पाठ केलेल्या कवितेतील शब्दांचा किल्लीसारखा उपयोग केला जाई. चालक मुक्त आहे की कैदेत, हे कळावे म्हणून मजकुरात ठरावीक चुका मुद्दाम करण्याची पद्धत होती.

दुसरीकडे जर्मनांची दिशाशोधक यंत्रणा कार्यक्षम होती. दोन किंवा तीन ठिकाणांहून एकाच लहरीची दिशा मोजली की नकाशावर त्या रेषा जेथे छेदतात तेथे यंत्र असते, हे भूमितीचे साधे तत्त्व तिच्या मुळाशी होते. प्रथम शहराचा भाग ठरे, मग बंदिस्त गाड्यांमधून फिरणारी उपकरणे रस्ता आणि इमारत शोधीत. म्हणून संदेश थोडक्यात आटोपणे, दर वेळी जागा बदलणे आणि यंत्र सतत हलविणे हाच एक उपाय होता. फ्रेंच विभागाच्या बिनतारी चालकाचे सरासरी आयुष्य सहा आठवड्यांचे मानले जाई. नूर यांनी त्याच्या दुपटीहून अधिक काळ, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हे काम चालू ठेवले.

अटक आणि नोंदवहीचा प्रश्न

१३ ऑक्टोबर १९४३ च्या सुमारास फितुरीमुळे नूर पकडल्या गेल्या. त्यांच्या यंत्राबरोबरच एक वही जर्मनांना सापडली. पाठविलेल्या आणि आलेल्या संदेशांची नोंद त्यांनी तीत ठेवली होती. या वहीच्या आधारे जर्मनांनी त्यांच्या यंत्रावरून लंडनशी बनावट संपर्क सुरू केला. त्याचे परिणाम भयंकर झाले. २९ फेब्रुवारी १९४४ रोजी फ्रान्स आंतेल्म, लायोनेल ली आणि मादलेन दामर्मां हे तिघे हवाई छत्रीने उतरले, ते थेट वाट पाहणाऱ्या जर्मनांच्या हाती.

ही वही त्यांनी का ठेवली? सामान्यतः याचे उत्तर नूर यांच्या भाबडेपणात शोधले जाते. दुसरे स्पष्टीकरण संघटनेचे इतिहासकार एम. आर. डी. फूट यांनी दिले आहे. लेखी सूचनेत ‘फायलिंग’ काळजीपूर्वक करावे, असे म्हटले होते. तेथे अभिप्रेत अर्थ संदेश पाठविण्याच्या पद्धतीसंबंधी होता, नूर यांनी मात्र तो जपून ठेवण्यासंबंधी घेतला असावा. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या स्पष्टीकरणाला आणखी एक जोड देता येते. दोन वर्षे ज्या चालकाला प्रत्येक संदेशाची नोंद ठेवणे हेच कर्तव्य म्हणून शिकविले गेले, तिने संदिग्ध सूचनेचा असा अर्थ घेणे अस्वाभाविक नव्हते. हवाई तळावरील सद्गुण व्याप्त पॅरिसमध्ये घातक ठरला. जुनी सवय मोडून नवी लावण्याचे काम प्रशिक्षणाचे असते आणि तेच अर्धवट राहिले होते. हा एक तर्क आहे. परंतु व्यक्तीच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी संस्थेच्या कार्यपद्धतीकडे पाहावयास हवे, असे तो सुचवितो.

लंडनची जबाबदारीही दुर्लक्षिता येत नाही. ‘मादलेन’ धोक्यात असल्याची सूचना ऑक्टोबरच्या आरंभीच लंडनला पोहोचली होती, पण ती गांभीर्याने घेतली गेली नाही. जर्मनांकडून येणाऱ्या संदेशांविषयी शंका घेण्यास जागा असूनही विमाने जात राहिली.

याच ठिकाणी इव्हॉन कॉर्मो यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. त्याही याच दलातून आलेल्या बिनतारी चालक. ऑगस्ट १९४३ मध्ये त्या नैऋत्य फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात उतरल्या, एक वर्षाहून अधिक काळ त्यांनी ४०० च्या वर संदेश पाठविले आणि त्या युद्धातून सुखरूप परतल्या. त्यांचे कौशल्य आणि सावधगिरी निर्विवाद आहे. परंतु विखुरलेली खेडी, शाबूत राहिलेले जाळे आणि अनुभवी प्रमुख या अनुकूल गोष्टी त्यांना लाभल्या. नूर यांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. दोघींची दलातील पायाभरणी एकच होती. परिस्थिती भिन्न होती.

कैद आणि मृत्यू

पॅरिसमधील अव्हेन्यू फॉश येथील जर्मन सुरक्षा सेवेच्या कार्यालयात नूर यांनी चौकशीत सहकाऱ्यांची माहिती दिली नाही, असे तेथील प्रमुख हान्स किफर यांनी युद्धानंतर मान्य केले. अटकेच्या दिवशीच त्यांनी खिडकीतून निसटण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबरमध्ये दोन सहकैद्यांसह छपरावरून पळण्याचा दुसरा प्रयत्न हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यामुळे फसला. पुन्हा पळणार नाही असे वचन देण्यास त्यांनी नकार दिला. २७ नोव्हेंबर १९४३ रोजी त्यांना जर्मनीला हलविण्यात आले. फोर्त्सहाइम येथील तुरुंगात सुमारे दहा महिने त्यांना एकांतवासात, बराच काळ साखळदंडांत ठेवण्यात आले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना दाखाऊला नेले आणि १३ सप्टेंबर रोजी योलांद बेकमन, एलिआन प्ल्यूमन व मादलेन दामर्मां यांच्यासह गोळ्या घालून ठार करण्यात आले. नूर यांच्याच यंत्रावरील बनावट संदेशांमुळे पकडल्या गेलेल्या मादलेन दामर्मां अखेरच्या क्षणी त्यांच्यासोबत होत्या, ही घटना कोणत्याही टीकाटिप्पणीविना विचार करावयास लावणारी आहे.

नोंद आणि सन्मान यांतील विसंगती

युद्ध संपल्यावर बेपत्ता व्यक्तींचा शोध घेण्याचे काम फ्रेंच विभागातील व्हेरा ॲटकिन्स यांनी केले. त्या स्वतः याच दलाच्या अधिकारी होत्या. प्रथम त्यांचा असा समज झाला की नूर यांचा मृत्यू नात्सवायलर छावणीत झाला. तेथे मारली गेलेली ती स्त्री प्रत्यक्षात सोनिया ओल्शानेझ्की होती, आणि ‘मादलेन’विषयी लंडनला आलेली ती दुर्लक्षित सूचनाही तिच्याकडूनच आली होती. पुढे १९४७ पर्यंत ही चूक दुरुस्त झाली. ज्या व्यक्तींना मुद्दाम कोणतीही खूण न ठेवता नाहीसे करण्यात आले, त्यांचा इतिहास लिहिताना किती सावध राहावे लागते, हे यावरून दिसून येते.

नूर यांना १९४६ मध्ये फ्रान्सने ‘क्र्वा द गेर’ दिले आणि ५ एप्रिल १९४९ रोजी ब्रिटनचे ‘जॉर्ज क्रॉस’ मरणोत्तर जाहीर झाले. हा अत्युच्च सन्मान होय. तथापि, स्त्रियांच्या सेवेचे वर्गीकरण नागरी की लष्करी, हा प्रश्न त्या वेळी सुटलेला नव्हता. पर्ल विदरिंग्टन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याही याच दलाच्या अधिकारी. १९४४ मध्ये त्यांनी मध्य फ्रान्समधील मोठ्या सशस्त्र प्रतिकार दलाचे नेतृत्व केले. ‘मिलिटरी क्रॉस’साठी झालेली त्यांची शिफारस, हे पदक स्त्रियांना देता येत नाही म्हणून मान्य झाली नाही. त्याऐवजी देऊ केलेला नागरी सन्मान त्यांनी, आपल्या कामात नागरी असे काहीच नव्हते, असे सांगून परत केला. पुढे त्याच सन्मानाचे लष्करी रूप त्यांना मिळाले. हवाई छत्रीधारकाचे चिन्ह मिळण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले.

नूर यांच्याविषयीची सार्वजनिक आस्था अलीकडे वाढली. त्यांची अधिकृत कागदपत्रे २००३ मध्ये अभ्यासकांना खुली झाली, श्राबनी बसू यांचे चरित्र २००६ मध्ये आले, लंडनमधील गॉर्डन स्क्वेअर येथे २०१२ मध्ये अर्धपुतळा उभारला गेला आणि २०२० मध्ये त्यांच्या तेथील निवासस्थानी स्मृतिफलक लागला.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नूर इनायत खान यांचे पॅरिसमधील कार्य हे हवाई दलात मिळविलेल्या तांत्रिक कौशल्याचे फळ होते. केवळ जन्मजात धैर्याने ते साध्य झाले नसते. दुसरी, त्यांच्या हातून झालेली चूकही त्यांच्या प्रशिक्षणाच्या, आणि अपुऱ्या प्रशिक्षणाच्या, संदर्भातच समजते. तिसरी, ‘साहाय्यक’ या संज्ञेने स्त्रियांच्या सेवेचे वेतन, पद आणि सन्मान यांवर दीर्घकाळ मर्यादा घातली. धोक्यावर मात्र तिने कोणतीही मर्यादा घातली नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने या विषयाचा उपयोग अनेक विद्याशाखांना होऊ शकतो. इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्याची चिकित्सा, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला दिशाशोधनाचे तत्त्व, स्त्री-अभ्यासाच्या शिक्षकाला श्रमाचे मूल्यमापन आणि वाणिज्य व व्यवस्थापनाच्या शिक्षकाला संस्थेने दुर्लक्षिलेल्या सूचनांचे परिणाम या एकाच चरित्रातून समजावून देता येतील. विद्यार्थ्यांपुढे ‘गुप्तहेर राजकन्या’ ठेवली तर ते थक्क होतात, पण तिच्यासारखे होण्याची कल्पना ते करू शकत नाहीत. त्याऐवजी मोर्स लिपीचा कंटाळवाणा सराव करणारी, दोन-तृतीयांश वेतनावर रात्रपाळी करणारी सत्तावीस वर्षांची तरुणी ठेवली, तर धैर्य ही शिकून आणि कामातून घडणारी गोष्ट आहे, हे त्यांना उमगण्याची शक्यता अधिक.

लंडनच्या पश्चिमेला रनीमेड येथे हवाई दलांचे स्मारक आहे. ज्यांची कबर कोठेही नाही, अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तेथील भिंतींवर कोरलेली आहेत. त्यातील २४३ क्रमांकाच्या फलकावर असिस्टंट सेक्शन ऑफिसर नूर इनायत खान हे नाव आहे. तेथे त्यांची ओळख पदाने आणि दलाने करून दिली आहे. त्यांच्या सेवेचा अभ्यास करताना अभ्यासकानेही आरंभ तेथूनच करणे उचित ठरेल.